कोंड्यातल्या साखरसाखळ्यांबद्दल

परभणी

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार. मालदांडी ज्वारीच्या कोंड्यातल्या अरॅबिनोझायलनचे (झायलोज साखरेची साखळी, तिला अरॅबिनोज साखरेच्या फांद्या) तुकडे जितके लहान तितकं अँटिऑक्सिडंट काम जास्त, असं तू लिहायला घेतलं आहेस. थोडा थांब. साध्या साखरेचे हायड्रॉक्सिल गट डीपीपीएचला (चाचणीतला जांभळा मुक्त मूलक; हायड्रोजन मिळाला की त्याचा रंग जातो) हायड्रोजन सहजी देत नाहीत. तो रंग बहुतेक वेळा अरॅबिनोजच्या पाचव्या कार्बनच्या ऑक्सिजनवर एस्टर होऊन बसलेलं फेरुलिक आम्ल (एक फिनॉल) घालवतं. म्हणून कोंडा १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये काढलास तर साखळी भरपूर मिळेल, पण तो एस्टर तुटेल. तो राखायचा तर झायलनेज (झायलन कापणारं विकर) वापर; मात्र ज्वारीचं झायलन फांद्यांनी गच्च भरलेलं, त्यामुळे तुकडे सावकाश पडतील.

त्याआधी कोंडा ८० टक्के इथेनॉलने धू, धुवण फोलिनला (फिनॉल ओळखणारं रसायन) रंग देईनासं होईपर्यंत. मग स्टार्चसाठी अमायलेज आणि प्रथिनांसाठी प्रोटिएज. आयोडीनला निळा रंग आला तर स्टार्च उरलाय असं समज.

आता खरी कसोटी. नमुन्याचा एक भाग अंधारात, नायट्रोजनखाली ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेव, नंतर सामू २ वर आणून सुटलेलं फेरुलिक इथिल ॲसिटेटने तीनदा काढून टाक. उरलेल्या पाण्यातला इथिल ॲसिटेट उडवून, सामू परत सारखा करून अँटिऑक्सिडंट क्षमता मोज. ती कोसळली तर श्रेय फेरुलिकचं. उरली तर त्याच भागावर सोडियम बोरोहायड्राइड लाव, म्हणजे अपचायक टोक (साखळीच्या शेवटच्या साखरेचं मोकळं, इलेक्ट्रॉन देऊ शकणारं टोक) अल्कोहोल होईल; मग क्षमता गेली तर श्रेय त्या टोकाचं. हा क्रम उलटा करू नकोस. बोरोहायड्राइडचं द्रावण अल्कधर्मी असतं, एस्टरलाही खाईल.

लांबीची तुलना मिलिग्रॅमवर करू नकोस. झायलोबायोजचं रेणूवजन २८२, दहा झायलोजच्या साखळीचं १३३९. सारख्या वजनात लहान तुकड्याची टोकं पावणेपाचपट जास्त! मोलवर आकडे मांड, शेजारी फेरुलिकचं प्रमाण दे.

डीपीपीएच मिथेनॉलमध्ये असतं. लांब साखळी त्यात साकळते आणि गढूळपणा ५१७ नॅनोमीटरला खरा रंगफरक झाकतो. एबीटीएस (अशाच रंग जाण्याच्या चाचणीचं दुसरं रसायन) पाण्यात चालतं: ७ मिलिमोलर एबीटीएस, २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट, अंधारात १२ ते १६ तास, मग ७३४ नॅनोमीटरला शोषण ०.७० येईपर्यंत पातळ.

जालन्याच्या मोसंबीच्या सालीचं पेक्टिन मात्र वेगळं. तिथे गॅलॅक्टुरॉनिक आम्लाचा मोकळा कार्बोक्सिल गट लोह धरून ठेवतो, मिथिल एस्टरने झाकला की पकड ढिली होते. फेंटन चाचणीत (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून मूलक बनवून) 'मूलक पकडले' असं दिसतं, त्यात बराच वाटा लोह अडकवण्याचा असू शकतो. डीऑक्सिरायबोज चाचणी (हे मूलक त्या साखरेला किती मोडतात ते मोजणारी) ईडीटीए हे लोह धरणारं रसायन घालून आणि न घालता, दोन्ही कर. ईडीटीए असताना परिणाम नाहीसा झाला तर तो लोहाचाच मामला. सालीतलं हेस्पेरिडिन (हेही फिनॉलच) आधी काढायला विसरू नकोस, नाहीतर पेक्टिनच्या नावावर त्याचीच कमाई जमा होईल.

एस्टर तोडण्याआधीचा आणि नंतरचा ३२५ नॅनोमीटरचा (जिथे फेरुलिकचा एस्टर प्रकाश शोषतो) आलेख पाठव. तो पाहिल्याशिवाय निष्कर्षाचा परिच्छेद पक्का करू नको.

तुझा,
माधव