सांग्रियाच्या वाइनविषयी दादांना पत्र

सारागोसा, स्पेन
२० जुलै

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार.

तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सांगलीच्या घरी सांग्रिया, म्हणजे फळे घातलेली गार वाइन, करण्याचा बेत असल्याचे वहिनींकडून कळले. त्यासाठी उंची वाइन आणावी का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर घाईत देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे पत्र. दादा, उंची वाइन मुळीच आणू नका.

हे मी काटकसरीपोटी सांगत नाही. येथे वाइनची किंमत वाढते ती पुष्कळदा ती मुरवण्यात गेलेल्या काळामुळे: 'क्रियान्सा' लिहिलेली तांबडी वाइन किमान दोन वर्षे मुरलेली आणि त्यांपैकी निदान सहा महिने ओकच्या पिंपात राहिलेली असावी लागते, 'रेसेर्वा'ला तीन वर्षे आणि पिंपात एक वर्ष. लाकडाचा तो वास व तुरटपणा जेवणाबरोबर शोभतो, पण संत्र्याच्या सालीशी त्याचे जमत नाही, आणि गारव्याने तुरटपणा अधिकच जाणवतो. पहिल्या उन्हाळ्यात मी पाहुण्यांसाठी हौसेने अशीच बाटली फोडली होती. सांग्रिया कडवट झाली आणि सगळ्यांचे पेले अर्धे तसेच राहिले, याचे मला फार वाईट वाटले.

तासगावच्या बागेत तुमचे आयुष्य गेले, तेव्हा कारण तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर उमगेल. आपली थॉमसन वा सोनाका द्राक्षे बिनबियांची. वाइनच्या द्राक्षाला मात्र बिया असतात, आणि तांबडी वाइन साल व बियांसकट आंबवत असल्याने रंगाबरोबर त्यांचा तुरटपणाही रसात उतरतो. गार्नाचा जातीची साल पातळ, म्हणून तिची वाइन मऊ आणि फळांच्या चवीची होते. सारागोसाजवळच्या कारिन्येना आणि काम्पो दे बोर्खा या भागांत ती मुबलक पिकते, आणि पिंपात न ठेवलेली, 'होवेन' म्हणजे कोवळी, अशी बाटली तीन-चार युरोंत मिळते. मी आता तीच आणतो.

सांगलीत ही मिळाली नाही तरी अडणार नाही. नाशिककडची साधी, ताजी झिनफँडेल किंवा शिराज पाहा; लेबलावर 'रिझर्व्ह' किंवा 'ओक' असेल, तर ती जेवणासाठी ठेवा. कॅबर्ने सोव्हिन्यॉन बहुधा तुरट असते, ती टाळा. मात्र स्वस्त म्हणजे बिघडलेली नव्हे: आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला, तर कितीही साखर घातली तरी तो झाकत नाही. आदल्या दिवशी घोटभर वाइन फ्रिजमध्ये गार करून चाखावी. तोंड आवळले नाही, तर ती चालेल.

७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला दोन संत्री, एक लिंबू, एखादे पीच आणि दालचिनीचा तुकडा पुरे. साखर आधी थोडीच घाला, कारण फळेही गोडवा सोडतात, आणि तीन-चार तास गार होऊ द्या. सोडा वाढतानाच घालावा.

कोणती बाटली मिळाली ते लेबलाच्या फोटोसह कळवा, म्हणजे मीही पाहून सांगेन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा भाऊ