बीथोव्हेनचा ‘फान’ उमरावाचा नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील जर्मन संगीतकार लुडविग फान बीथोव्हेनवरचा लेख आवडला. मात्र नावातल्या ‘फान’वरून त्याला उमराव घराण्यातला ठरवले आहे, ते कृपया दुरुस्त करावे. जर्मन उमरावांचा असतो तो ‘फॉन’. ‘फान’ डच आहे. बीथोव्हेनचे आजोबा आजच्या बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या मेखेलेनहून जर्मनीत बॉनला आले, त्यांच्याबरोबर तो आला. तिकडे तो साध्या शेतकऱ्याच्या आडनावातही असतो.

ही गल्लत त्याच्या हयातीतच व्हिएन्नात झाली होती. पुतण्याच्या पालकत्वाचा खटला उमरावांच्या न्यायालयात चालला होता. १८१८ मध्ये उमरावकीचा पुरावा देता आला नाही, तेव्हा खटला सामान्यांच्या न्यायालयाकडे गेला. तिथे पालकत्व हातचे गेले आणि १८२० मध्ये अपिलात परत मिळाले. पोरासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला काय सोसावे लागले असेल, या विचाराने आजही वाईट वाटते.

‘फॉन’ म्हणजे अमुक गावचा, आपल्या ‘कर’सारखा. ‘त्सू’ हा दुसरा शब्द लागला की त्या गावची गढी अजून घराण्याकडे आहे असे समजायचे. म्हणून काही नावांत ‘फॉन उंड त्सू’ (‘फॉन’ आणि ‘त्सू’) दिसते. पुढे किताब म्हणूनही ‘फॉन’ मिळू लागला. जर्मन कवी गटेला तो १७८२ मध्ये मिळाला, कवी-नाटककार शिलरला १८०२ मध्ये. ही काही गावांची नावे नव्हेत! उलट स्वित्झर्लंडमध्ये आणि उत्तर जर्मनीत कितीतरी साध्या घरांच्या आडनावांत पूर्वापार ‘फॉन’ आहे.

१९१९ मध्ये जर्मनीने उमरावांचे विशेष हक्क काढले, पण ‘फॉन’ आडनावाचा भाग म्हणून राहू दिला. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी तो कायद्याने पुसला. अर्थतज्ज्ञ हायेक जन्माने ‘फॉन हायेक’, तिथे नुसते हायेक झाले.

मी ग्रंथालयात एकतीस वर्षे कार्डे लिहिली. गटेचे कार्ड ‘जी’च्या खणात जाते, पण रोमन लिपीत ‘फॉन’ ‘व्ही’ने सुरू होतो, म्हणून नवीन मुले ते हटकून ‘व्ही’च्या खणात टाकत. दर वेळी मी ते काढून त्यांच्यासमोर जागेवर लावत असे. आपल्या अंकातही ‘व्हॉन’ऐवजी ‘फॉन’ छापावे, आणि नुसते आडनाव घेताना, उदाहरणार्थ जर्मन चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्कचे, ‘बिस्मार्क’ एवढेच लिहावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा