बुकिंग काउंटरवरच्या मावशींना, मनापासून थँक्यू

मावशी,

फोनवर थँक्यू म्हणालो होतो, पण त्या गडबडीत धड बोलणं झालंच नाही. आणि तुमचं असं की कोणी आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच "बरं ते राहू दे, घरी सगळे कसे आहेत" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतोय. सगळ्यांसमोर लिहितोय कारण ज्यांच्या घरी आत्ता लग्न ठरलंय त्यांनाही हे कामाला येईल, तुम्ही फुकटात दिलेलं ज्ञान मी एकट्याने दाबून ठेवणं बरं दिसत नाही.

ताईचं लग्न ठरलं आणि अख्खी व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. घरात सल्ल्यांना तोटा नव्हता, हॉल चांगला बघ, जेवण चांगलं पाहिजे, फोटो भारी आले पाहिजेत वगैरे वगैरे, पण चांगलं म्हणजे काय आणि ते आधीच ओळखायचं कसं, हे विचारलं की सगळे गप्प. तुम्ही वर्षानुवर्षं हॉलच्या बुकिंगला बसलात, टेबलाच्या पलीकडून लोकं बघितलीत, त्यामुळे तुमचा पहिला प्रश्नच वेगळा होता. बजेट नाही, तारीख नाही, "माणसं किती?" मी म्हटलं साधारण... तर तुम्ही तिथेच थांबवलंत. साधारण नको, नावं लिही. पक्के येणारे एका कागदावर, येतील न येतील दुसऱ्यावर, आणि नाही बोलावलं तर राग येईल म्हणून बोलवायचे ते तिसऱ्यावर. हा तिसरा कागद घरात कोणालाच आवडला नाही हे वेगळं सांगायला नको, पण खरी बचत तिथेच निघाली. कारण जेवण, खुर्च्या, टेबलं, पत्रिका, पार्किंग, हॉलची साईज, सगळं डोक्यांवर चालतं. फुलं कमी करून चिल्लर वाचते, माणसं कमी केली की खरा पैसा वाचतो. आणि खर्चाचा जो काही आकडा ठरेल त्यातला 10 टक्के भाग हातचा राखून ठेव, तो कशावर जाणार ते आज कळणार नाही पण जाणार नक्की, हेही तुमचंच.

मग हॉल. ब्रोशरवरची कपॅसिटी म्हणजे नुसत्या खुर्च्या ओळीत लावल्या तर मावतील तेवढी माणसं असते बऱ्याचदा, हे मला कोण सांगणार होतं? त्यात स्टेज आलं, जेवणाचे काउंटर आले, गोल टेबलं आली की जागा झपाझप कमी होते. 5 फुटी गोल टेबलाला 8 जण आरामात बसतात, 6 फुटीला 10, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला जागा लागते ती वेगळीच. तुम्ही म्हणालात हॉलवाल्याला आकडा विचारू नको, आपल्या माणसांचा लेआउट, म्हणजे टेबलं-खुर्च्या कुठे येणार त्याचा नकाशा, काढून मागव. मागवला. एका ठिकाणी त्यांनीच लेआउट काढला आणि त्यांच्याच लक्षात आलं की मावत नाहीये.

आणि ती टाळी! रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून तुम्ही जोरात टाळी वाजवलीत तेव्हा सोबतचा मॅनेजर असा काही बघायला लागला की मला हसू आवरेना. आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. मग तुम्ही समजावलंत की माणसं भरली की कपडे आणि शरीरं आवाज शोषून घेतात, घुमणं बरंच कमी होतं, पण इतकं घुमत असेल तर पूर्ण भरूनही माईकवरचं बोलणं मागच्यांना नीट कळणार नाही. आम्ही तोच हॉल घेतला (दुसरीकडे पार्किंगची बोंब होती), पण साउंडवाल्याला आधीच सांगितलं की पुढे दोन मोठे स्पीकर लावून फुल आवाज करण्यापेक्षा छोटे स्पीकर हॉलभर पसरून लाव आणि आवाज कमी ठेव. मागच्या रांगेतल्या आजीलासुद्धा सगळं ऐकू आलं, आणि तिला एरवी फोनची रिंग ऐकू येत नाही.

पण मला तुमचे आभार सगळ्यात जास्त मानायचेत ते एका प्रश्नासाठी. "त्या दिवशी प्रत्यक्ष येणार कोण?" एवढंच. प्रत्येकाला हेच विचार म्हणालात, फोटोग्राफर असो, डेकोरेटर असो, केटरर असो. कारण मीटिंगला जो गोड बोलतो तो बऱ्याचदा सेल्सचा माणूस असतो आणि लग्नाच्या दिवशी येतो तो कोणीतरी भलताच, ज्याला आपण काय बोललो त्यातलं काहीच माहीत नसतं. मी विचारायला लागलो आणि काय गंमत, अर्ध्या लोकांची बोलतीच बंद. एक फोटोग्राफर, काम खरंच देखणं होतं, "आमची टीम येईल सर" यापुढे सरकेचना. टीममध्ये कोण, तुम्ही दाखवताय ते फोटो त्याच माणसाने काढलेत का, तो आजारी पडला तर कोण, सगळ्याला एकच उत्तर, काळजी करू नका. मला तेव्हाच काळजी वाटायला लागली. दुसऱ्याने सरळ नाव सांगितलं, मीच येणार, सोबत अमुक, मला काही झालं तर तमुक, हे त्या दोघांचं काम बघा. त्याचे फोटो पहिल्यापेक्षा जरा साधे होते, खोटं कशाला बोलू. तरी त्यालाच घेतलं आणि ते नाव करारात लिहून घेतलं.

फोटोंच्या बाबतीत तुमची दुसरी अट, निवडक 30 फोटो बघायचे नाहीत, एका अख्ख्या लग्नाचे सगळे फोटो मागायचे, आणि त्यातही हॉलच्या आतले, रात्रीचे, कमी उजेडातले आधी बघायचे. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात कोणीही छान दिसतं. मी वर अजून एक विचारलं जे तुम्ही नव्हतं सांगितलं, कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्ड एकाच वेळी चालतात का. म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडे सेव्ह होतो, एक कार्ड गेलं तरी दुसरं असतं. आणि घरी गेल्यावर कॉपी किती ठेवता? चांगली माणसं तीन ठेवतात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ज्याला ह्या प्रश्नाचा राग येतो त्याला सोडून द्यावं असं माझं मत झालंय.

कोटेशन वाचायला तर तुम्हीच शिकवलंत. पेन्सिल घेऊन बसलात आणि तीन कोटेशनमधल्या फक्त तीन शब्दांवर गोल केलेत, "इतर", "आवश्यकतेनुसार" आणि "अंदाजे". जिथे जिथे हे शब्द आहेत तिथे नंतर बिल वाढणार. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्येच हे गोल सगळ्यात जास्त होते, मी बघतच राहिलो. वाहतूक कोण देणार, लावणं आणि काढणं धरलंय का, टॅक्स आत की बाहेर, वेळ वाढली तर तासाला किती, त्यांच्या माणसांचं जेवण कोणाकडे, एवढं प्रत्येकाकडून लिहून घेतल्यावर स्वस्त होता तो महाग निघाला आणि मधला होता तो खरा स्वस्त. मग पैसे देताना सगळे एकदम द्यायचे नाहीत, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी पावती, आणि तारीख बदलावी लागली तर ॲडव्हान्सचं काय होणार हे लेखी. 2020 साली जगभर लग्नं पुढे ढकलली गेली तेव्हा ज्यांच्या करारात ही ओळ नव्हती त्यांना किती हेलपाटे पडले ते तुम्ही काउंटरवर बसून बघितलंय, त्यामुळे ह्या ओळीवर तुम्ही अडून बसलात ते मला पटलं. रद्द करणं आणि पुढे ढकलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीसाठी वेगळी ओळ पाहिजे, हे मी आता सगळ्यांना ऐकवत असतो.

केटररचं फार लांबवत नाही. चव तर सगळे बघतातच. तुम्ही मला त्यांच्या चालू कार्यक्रमात मागच्या बाजूला घेऊन गेलात (त्यांची परवानगी काढून, नाहीतर लोक भलतंच समजतील) आणि गरम पदार्थ खरंच गरम आहेत का ते बघायला लावलंत. गरम ते 60 डिग्रीच्या वर आणि गार ते 5 च्या खाली, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, आणि जेवण उशिरा सुरू होणं हेच खरं दुखणं असतं. काउंटरला दोन्ही बाजूंनी वाढायची सोय केली तर रांग निम्मी होते. तेही केलं.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. व्हिडिओ नको, कोणी परत बघत नाही, तो पैसा वाचव म्हणालात. आम्ही घेतला. आणि मावशी, आमच्याकडे तो अजूनही आठवड्याआड लागतो, बाबा तर आवाज बंद करूनही बघतात. ह्यात तुम्ही चुकलात, सॉरी.

लाईटवाल्याबद्दल तुम्ही सांगितलेलं मात्र शंभर टक्के खरं. स्टेजवर जांभळे-निळे लाईट डोळ्यांना भारी दिसतात पण चेहऱ्यावर पडले की फोटोत माणूस आजारी दिसतो आणि नंतर एडिटिंगमध्येही ते नीट निघत नाही. म्हणून रंगीत लाईट मागच्या पडद्यावर, चेहऱ्यांवर साधा पिवळसर पांढरा. शिवाय स्वस्तातले काही एलईडी फ्लिकर होतात, म्हणजे भराभर लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत पट्टे येतात, तर ते आदल्या दिवशी कॅमेरा लावून बघून घेतलं. कामाचा क्रमसुद्धा तुमचाच लावला. आधी वर टांगायचं सामान, मग साउंडच्या वायरी, मग कार्पेट, फुलं सगळ्यात शेवटी. असं नाही केलं तर वायरी कार्पेटवरून जातात आणि कोणीतरी अडखळतं. कोणाची गाडी कोणत्या गेटने किती वाजता, गेट कोण उघडणार, हे एका कागदावर लिहून सगळ्यांना पाठवलं तर डेकोरेटर म्हणाला, असा कागद आम्हाला कोणी देत नाही.

आणि हो, लाईट गेली! जनरेटर होता, तो सुरू व्हायला काही सेकंद लागले, एवढं चालतं. पण साउंडवाल्याचा मिक्सर (सगळे माईक ज्याला जोडतात ते मशीन) डिजिटल होता आणि तो एकदा बंद पडला की कॉम्प्युटरसारखा परत सुरू व्हायला वेळ घेतो, नेमकं मनोगत चालू असताना. तुम्ही आधीच म्हणाला होतात, मिक्सरला एक छोटा यूपीएस (लाईट गेली तरी बॅटरीवर चालू ठेवणारा) लावायला सांग, साउंडवाला कुरकुरला होता, मी पाठ सोडली नाही. दिवे गेले, आले, आणि माईक चालूच! बोलणारे मामा थांबलेसुद्धा नाहीत. नंतर तोच साउंडवाला मला येऊन म्हणाला, पुढच्या कार्यक्रमापासून मी स्वतःचाच यूपीएस ठेवणार.

ग्रुप फोटोंच्या यादीचंही सांगायलाच हवं. एका ग्रुपला 2 ते 3 मिनिटं, म्हणजे 20 ग्रुप म्हटले की 40 मिनिटं ते तासभर, आणि फोटोग्राफरला कोण कोणाचं कोण काय माहीत. म्हणून सगळ्यांना ओळखणारी आणि मोठ्या आवाजाची आत्या त्याच्या शेजारी उभी केली. वेळेत झालं. उलट आत्या अजून पण यादी वाढवायला तयार होती. आणि त्या दिवशी सगळ्या सप्लायरचे फोन माझ्याकडे, ताईचा मोबाईल मैत्रिणीच्या पर्समध्ये, आईबाबांना कोणी काही विचारायचं नाही, हा नियम तुम्ही घातलात म्हणून ते दोघं निवांत बसून लग्न बघू शकले. आई ते सारखं बोलून दाखवते.

अल्बमचे फोटो निवडून द्यायचे आहेत, पानं ठरलेली आणि फोटो ढीगभर, तर रविवारी घेऊन येऊ का? तुमचे पण आहेत त्यात, एकात तुम्ही साउंडवाल्याला काहीतरी सुनावताय, तो तर मी घालणारच आहे. आणि माझ्या ऑफिसातल्या एकीचं लग्न ठरलंय, ती तुमचा नंबर मागतेय. मी सांगितलंय की आधी तिन्ही कागद लिहून आण, मग देतो. चालेल ना?

तुमचाच,
ताईचा भाऊ