स्टुडिओ विकला जातो तेव्हा पटकथांचं काय होतं?

मा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्री,
स. न. वि. वि.

मोठी मनोरंजन कंपनी एखादा चित्रपट स्टुडिओ विकत घेते, तेव्हा बातमी होते ती सौद्याच्या रकमेची. मी पटकथा लिहिते. मला काळजी वाटते ती त्या स्टुडिओकडे पडून असलेल्या, अजून पडद्यावर न आलेल्या पटकथांची.

मुंबईच्या यूटीव्ही या चित्रपट कंपनीचं उदाहरण घ्या. ‘आमिर’ आणि ‘उडान’ हे दोघा दिग्दर्शकांचे पहिलेच चित्रपट तिने उभे केले. फाळक्यांवरचा मराठी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ तिनेच थिएटरांत नेला. २०१२ मध्ये डिस्नेने तिचा पूर्ण ताबा घेतला आणि २०१६ मध्ये हिंदी चित्रपटांची निर्मिती थांबवायचं ठरवलं. तोट्यातला धंदा बंद करणं हा मालकाचा हक्क आहे, मान्य. पण नवख्या माणसावर पैसे लावणारं एक दार त्यामुळे बंद झालं.

याच डिस्नेने २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरना पिक्सार ही अ‍ॅनिमेशनपट करणारी कंपनी घेतली, तेव्हा पिक्सारचं नाव, तिचं कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलमधलं ठिकाण आणि कामाची पद्धत जपायचं आधीच लिहून ठरलं होतं. उलट २०१९ मध्ये फॉक्स ही चित्रपट कंपनी घेताना तिच्याबरोबर आलेला ब्लू स्काय हा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ डिस्नेने २०२१ मध्ये बंद केला. सुमारे ४५० जणांचं काम गेलं, तिथे चालू असलेला ‘निमोना’ हा चित्रपट अर्ध्यावर राहिला. तो पुढे दुसऱ्यांनी पूर्ण केला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. खोट चित्रपटात नव्हतीच.

आपल्याकडे ज्या कंपनीची देशातली मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत आहे, तिच्या खरेदीला एरवी स्पर्धा आयोगाची, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी लागत नाही. सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटींवरच्या सौद्यांना ही सवलत नाही, हे चांगलं झालं. पण धर्मा प्रॉडक्शन्ससारख्या नावाजलेल्या कंपनीचा अर्धा हिस्सासुद्धा १,००० कोटींना गेला. मग लहान, धाडसी स्टुडिओ आयोगापुढे येणार कधी?

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(४) प्रमाणे घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते लेखकाकडे परत येतात. मात्र ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’. आमच्या करारांत वेगळं ठरवून घेतलेलंच असतं, आणि मानधनाची गरज असलेला नवा लेखक सही करतो. स्टुडिओ विकला गेला की त्याची गोष्टही नव्या मालकाकडे जाते. तिथे ती कुणी उघडूनही बघत नाही, आणि लेखकाला ती दुसऱ्या निर्मात्याला ऐकवताही येत नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. स्पर्धा आयोगाच्या मंजुरीतून मिळणाऱ्या सवलतीतून चित्रपटनिर्मिती कंपन्या वगळाव्यात. ते आपल्या मंत्रालयाच्या अधिसूचनेने होऊ शकतं. आणि स्टुडिओ विकला गेल्यावर नव्या मालकाने तीन वर्षांत चित्रपट सुरू करावा, नाहीतर पटकथा लेखकाला बिनशर्त परत द्यावी. त्यासाठी कॉपीराइट कायदा बदलावा लागला तर तो ज्यांच्याकडे आहे त्या वाणिज्य मंत्रालयाशी बोलून तो बदलावा, आणि मसुदा करण्याआधी पटकथाकारांच्या संघटनांना चर्चेला बोलवावं.

आपली,
एक पटकथालेखिका, मुंबई