देवगिरीच्या दारातल्या पेरूवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, पत्ता म्हणाल तर किल्ल्याच्या दारातली पेरूची पाटी एवढाच. तुमची लेक संभाजीनगरला कॉलेजात आहे म्हणालात, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. तिच्या मोबाइलवर आलं तर ती वाचून दाखवील. संकष्टीचा दिवस होता. पाटी शेजारणीकडे सोपवून तुम्ही गडावरच्या गणपतीला तेल घेऊन निघाला होतात, आणि खंदकाच्या पुलाशी हिरव्या लुगड्यातली माझी आजी काठी टेकून वर बघत होती.

त्या पुलापर्यंत येईतो आजीला प्रत्येकानं एकच सांगितलं होतं, ‘तुम्ही इथंच बसा.’ घरी मामांनी, गाडीत ड्रायव्हरनं, दारात एका हौशी पर्यटकानं. आजीचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे तिच्याहून म्हातारे, तेव्हा त्यांचंही चूक नव्हतं. तुम्ही मात्र विचारलंत, “कुठवर जायचंय, माय?”

“पार स्वामींपाशी.”

“मग चला की. ऊन चढायच्या आत वरलोक जाऊ.”

मावशी, आजी पैठण तालुक्यातली. तिच्यासाठी देवगिरी म्हणजे यादवांची राजधानी नाही, खिलजी नाही, दिल्लीहून इथं राजधानी आणणारा तुघलकही नाही. चाँद मिनाराकडं तर तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. तिच्या लेखी हा किल्ला जनार्दन स्वामींचा. स्वामी इथले किल्लेदार, आणि पैठणहून लहानगे एकनाथ गुरू शोधत आले ते त्यांच्याकडंच. सोळाव्या शतकातली ही गोष्ट आजी अशी सांगते, जणू नाथ तिच्या आळीतून निघाले होते.

तुम्ही तिचा हात धरला नाहीत. मला ते आधी खटकलं, नंतर कळलं. तुम्ही एक पायरी पुढं राहिलात आणि तिला तुमच्या पावलांकडं बघायला लावलंत. चांगला पाय आधी वर, मग दुखरा त्याच पायरीवर. पायरी उंच असली तर जरा तिरकं व्हायचं. धाप लागायच्या आधी थांबायचं, लागल्यावर नाही. (पुढं फिजिओथेरपीवाल्या ताईंनीही चढण्या-उतरण्याचं हेच शिकवलं, पैसे घेऊन.)

अंधारीची मला खरी भीती होती. शत्रूला चकवायलाच खोदलेला तो बोगदा, वळणं घेत वर जाणारा, एकही पायरी दुसरीसारखी नाही, वर वटवाघळांचा तो उग्र वास. काही गाइड मुद्दाम दिवा विझवतात आणि माणसं किंचाळली की खूश होतात. तुम्ही माझ्या हातातला मोबाइल घेतलात आणि त्याचा उजेड सबंध वेळ आजीच्या पुढच्या पायरीवर ठेवलात. ना छतावर, ना तिच्या तोंडावर. वर “इथं ओलं हाय”, “इथं कोपरा हाय” असं सांगत होतात. आजी नाथांचा हरिपाठ पुटपुटत होती. बाहेर उजेडात आल्यावर म्हणाली, “झालं होय? एवढंच?”

गणपतीला तेल वाहून झालं तेव्हा तुमचं काम संपलं होतं. तरी तुम्ही बारादरीपर्यंत आलात. शहाजहानसाठी बांधलेल्या त्या महालाच्या सावलीत आजीनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि नाथांची ती हिशेबाची गोष्ट काढली. हिशेबात एका पैचा फरक येत होता, तो शोधत नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, चूक सापडल्यावर त्यांनी आनंदानं टाळी वाजवली, आणि पाठीशी स्वामी उभे. ‘एवढं लक्ष देवाकडं लावलंस तर?’ असं स्वामी म्हणाले म्हणे. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, “एका पैसाठी रातभर? मग माझ्या उधारीची वही नाथांनीच लिहावी.” आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. गावाकडच्या बायका जमल्यावर हसते तशी. शहरात आमच्याकडं राहायला आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

माथ्याजवळच्या स्वामींच्या गुहेत ती किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. तुम्हीही घाई केली नाहीत. खाली पाटी दुसरीच्या भरवशावर असताना!

उतरताना दुखरा पाय आधी, हेही तुमचंच. खाली आल्यावर मी पैसे काढले तर तुम्ही रागावलात, आणि उलट तिखटमीठ लावलेले दोन पेरू आजीच्या पदरात टाकलेत.

आजीनं निरोप दिलाय. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला या, लेकीलाही आणा. मुक्काम आमच्या गावच्या घरी, पुरणपोळी तिच्या हातची. गोदावरीच्या घाटालाही पायऱ्या आहेत, त्या ती तुम्हाला उतरवून दाखवणार आहे. आणि उधारीची वही सोबत आणायला सांगितलंय, नाथांच्या पायाशी ठेवायला. मी पुढच्या आठवड्यात तुमच्या पाटीपाशी येतेय, तेव्हा तारीख पक्की करू.

तुमची,
आजीची नात