लीड्सला का गेले नाही

स्वेलडेल, नॉर्थ यॉर्कशायर
फेब्रुवारी

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, की लीड्सच्या हॉस्पिटलची नोकरी हातात आलेली असताना नाही का म्हणालीस. तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि मधूनच आई "जेवलीस का" म्हणते, त्यात उत्तर राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. तुम्ही हे आईला मोठ्याने वाचून दाखवाल आणि न पटलेली वाक्यं गुपचूप गाळाल, हेही मला ठाऊक आहे. गाळू नका.

पगार तिकडे जास्त होता, खरं आहे. गणपतीला मंडळ आहे, वाणसामान कोपऱ्यावर मिळतं, मराठीत भांडायला माणसं आहेत. इथे कढीपत्त्यासाठी डार्लिंग्टन गाठावं लागतं. हे सगळं मांडून पाहिलं आणि तरी राहिले. पण तुमचा खरा प्रश्न नोकरीचा नव्हताच ना? "तिथे तुझं आहे कोण", हा होता.

मावशी म्हणते इंग्रज माणूस थंड. निम्मं खरं आहे. मी इथे आले तेव्हा कितीतरी महिने कुणी "या चहाला" म्हणालं नाही. हवा, कुत्री आणि मेंढ्या, यापलीकडे बोलणं सरकायचं नाही. अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या, की ज्याच्या मागे जागा असेल तो गाडी मागे घेतो आणि जाताना स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. हात नाही, एकच बोट. मला वाटायचं, एवढ्यावर दिवस कसे काढायचे?

मग त्या पहिल्याच हिवाळ्यात एकदा ड्युटीवरून आले, तर दाराशी फोडलेल्या लाकडांची ही एवढी रास, पावसाचं पाणी लागणार नाही अशी नीट रचलेली. कुणी टाकली ते कुणी कबूल करेना. शेवटी पलीकडच्या शेतकऱ्याला गाठलं, तर म्हणाला, "झाड पडलं होतं, ते माझ्या जागेत अडचण करत होतं." झालं, विषय संपला. आभार मानायलासुद्धा जागा ठेवली नाही.

इथल्या माणसांचं हे असंच आहे, आणि ते कळायला मला वेळ लागला. द्यायचं, पण घेणाऱ्याच्या डोक्यावर उपकार ठेवायचा नाही. शेजारच्या आजी रस्त्याच्या कडेला अंडी ठेवतात आणि शेजारी पैसे टाकायला पत्र्याचा डबा. दर लिहिलेला असतो, राखण कुणाचीच नाही. त्यांचे यजमान गेले तेव्हा गावच्या हॉलमध्ये एक कागद लागला, कुठल्या दिवशी कुणी जेवण पोचवायचं त्याचा. पोचवणारे भांडं दाराशी ठेवून बेल वाजवायचे आणि निघून जायचे. आपल्याकडे माणसं येऊन बसतात, रडू देतात, चहा टाकतात. मला अजूनही तेच जास्त बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण आजींनी मला नंतर सांगितलं की त्या दिवसांत चेहरा सावरून बसावं लागलं नाही याचंच त्यांना बरं वाटलं होतं.

आई, आता पुढचं वाचताना तुला कसंतरी होईल, तरी वाच. गेल्या एप्रिलमध्ये एका शेतकऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करायला गेले होते. मेंढ्या विण्याचे दिवस, नर्सची वेळ कोण पाळतो! शेवटी गोठ्यात सापडला. एका मेंढीला मेलेलं कोकरू झालं होतं, आणि पलीकडच्या कप्प्यात एकीला तिळी होती, त्यातलं एक दुधाला कमी पडत होतं. मेंढी पिल्लू ओळखते वासावरून, परक्याला ढुशी मारून हाकलते. त्याने खिशातला चाकू काढला, मेलेल्या कोकराचं कातडं सोललं, पायांसाठी भोकं ठेवली, आणि ते कातडं त्या तिसऱ्या कोकराच्या अंगावर चढवलं. ओलं, रक्ताळलेलं, बाह्या आखूड झालेल्या. मेंढीने हुंगलं. पुन्हा हुंगलं, शेपटीपाशी नाक नेलं, आणि हलली नाही. कोकरू आचळाला लागलं तशी त्याची शेपूट थरथरायला लागली. दोनतीन दिवसांनी कातडं काढून टाकतात. तोवर तिचं दूध पोटात गेलेलं असतं आणि पिल्लाला तिचाच वास येऊ लागतो. एवढं झाल्यावर तो बादली उपडी घालून बसला, पाय पुढे केला आणि म्हणाला, "हं, बांध आता." डोळ्यांत पाणी फक्त माझ्या होतं.

बाबा, तुम्हाला इथे सगळ्यात आवडतील ते गडगे. आपल्यासारखा चिरा नाही, चुनखडीचा आणि वालुकाश्माचा दगड. पण माती नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दोन बाजूंनी दोन पाखे वर जाताना आत कलत जातात, मधल्या पोकळीत बारीक भर, आणि ठरावीक उंचीवर एक लांब दगड आरपार, दोन्ही बाजू धरून ठेवायला. आमचं खोरं ज्यात येतं त्या यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात असे ८,००० किलोमीटरहून जास्त गडगे आहेत. (राष्ट्रीय उद्यान म्हणजे ताडोबा समजू नका. १९५४ साली झालेल्या या उद्यानात गावं आहेत, शेतं आहेत, जमीन बहुतेक सगळी खासगी मालकीची आहे.) बर्फ वितळलं की कुठे ना कुठे गडगा ढासळतो, मग शनिवारी चारजण जमतात. मीही जाते. मला भर घालण्यापलीकडे काही करू देत नाहीत, आणि तीही मी भराभर ओतते म्हणून बोलणी बसतात.

या गडग्यांतून, लोकांच्या कुरणांतून, कधी थेट अंगणातूनही पायवाटा जातात. वहिवाटीच्या वाटा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. कुणीही चालावं, मालकाला अडवता येत नाही. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सुमारे २,२५,००० किलोमीटर वाटा आहेत, आणि १९४९च्या कायद्याने त्या सरकारी नकाशावर नोंदवायला लावल्या. आपल्या वरच्या वाटेचा दावा आठवला ना? चुलत आजोबांपासून चालू आहे. इथेही सगळं गोडीगुलाबीने झालेलं नाही हं. उघड्या माळावर फिरायचा हक्क भांडूनच घ्यावा लागला. १९३२च्या एप्रिलमध्ये शेकडो माणसं, त्यांत पुष्कळसे मँचेस्टरकडचे तरुण कामगार, मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. पाचजणांना तुरुंगवास झाला. आपल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तो हक्क कायद्यात यायला २००० साल उजाडलं.

पण वाटेवरून जाणाऱ्यानेही रीत पाळायची असते. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, लावलेलं असेल तर लावायचं. म्यूकर गावच्या कुरणांत जून महिन्यात गुडघाभर फुलं असतात, पिवळी, जांभळी, आणि चालणारे एकामागे एक ओळीने जातात, कारण ते गवत म्हणजे कुणाच्या तरी मेंढ्यांचा हिवाळ्याचा चारा. असली फुलांची कुरणं १९३०च्या दशकापासून या देशाने ९७ टक्के घालवली. इथे उरली आहेत, कारण फुलांचं बी पडेपर्यंत गवताला विळा लावायचा नाही हे इथले शेतकरी अजून सांभाळतात.

एक वाट मला फार जवळची आहे. केल्ड गावापासून ग्रिंटनच्या चर्चपर्यंत, पंचवीसेक किलोमीटर. म्यूकरला १५८० साली चर्च झालं. त्याआधी वरच्या गावांतली माणसं आपलं मयत वेताच्या पेटीत घालून याच वाटेने खांद्यावर नेत. आयव्हेलेटच्या पुलाशी पेटी टेकवायचा दगड अजून आहे. फेरीवर असले की मी तिथे गाडी लावून डबा खाते. आई, "मसणातल्या दगडापाशी कसली जेवतेस" म्हणशील. पण एवढी लांबची वाट घरच्या चार माणसांनी निभणारी नाही. मधल्या गावांतलं कुणीतरी हातातलं काम टाकून खांदा बदलायला येतच असणार, त्यांची मला आठवण होते.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला टॅन हिल नावाची खानावळ आहे, ५२८ मीटरवर, ब्रिटनमधली सगळ्यात उंचावरची. नोव्हेंबर २०२१मध्ये आर्वेन वादळ आलं तेव्हा एकसष्ट माणसं तिथे तीन रात्री बर्फात अडकली होती. त्यांच्यात 'ओॲसिस' या गाजलेल्या इंग्लिश बँडची गाणी म्हणणारा एक बँडही होता. कुणी जमिनीवर गाद्या टाकून झोपलं, कुणी स्वयंपाकघरात हात लावला, प्रश्नमंजुषा झाली, गाणी झाली. सोमवारी रस्ता मोकळा झाला तेव्हा काहीजणांचा पाय निघत नव्हता म्हणतात. माझा विश्वास बसतो.

आता उलटी बाजूही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी भुलली. डिसेंबरात पावणेचारला अंधार होतो. मिठाशिवाय उकडलेल्या कोबीला इथे भाजी म्हणतात. आणि गाव रिकामं होतंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा माणसं लँकेशायरच्या गिरण्यांत गेली, आपले आजोबा परळला गेले तशी. आता घरं शहरातले लोक सुट्टीसाठी घेतात आणि वर्षभर कुलूप. इथल्या पोरांना इथे घर परवडत नाही. एप्रिल २०२५पासून कौन्सिलने अशा दुसऱ्या घरांवरचा कर दुप्पट केलाय. बघू काय फरक पडतो ते. बस म्हणाल तर 'लिटल व्हाइट बस' नावाची छोटी गाडी धावते. ती गावकऱ्यांच्याच संस्थेची आहे आणि चालवणाऱ्यांत पुष्कळजण बिनपगारी. वाटभर गप्पा फुकट.

बाबा, तुम्ही गाळाल ते वाक्य आता येतंय. खालच्या वाडीतला तो मुलगा गॅसची टाकी वर आणून देतो म्हणाला, आणि तुम्ही "आमचं आम्ही बघू" म्हणून त्याला परत धाडलंत. मग गुडघ्याला पट्टा बांधून स्वतः पाखाडी चढलात. आईने सांगितलं नाही, मीच खोदून काढलं, तिला बोलू नका.

असे बाबा माझ्या यादीत इथे पुष्कळ आहेत. कंबर मोडली तरी "ठीक आहे, वाईट नाही" म्हणणारे. त्यांच्याशी इथे कुणी वाद घालत बसत नाही. "मी तसाही रिचमंडलाच चाललोय" असं म्हणून गाडीत घेतात. "सूप जास्त झालंय, फेकायचं जिवावर येतं" असं म्हणून डबा ठेवतात. एका नव्वदीच्या आजोबांच्या घरी रोज सकाळी कुणी ना कुणी हवा काय म्हणते ते विचारायला जातं, कारण जुनं बॅरोमीटर त्यांच्या भिंतीवर आहे. हवामान सगळ्यांच्या खिशातल्या फोनवर असतं. आजोबांनाही ते माहीत असावं असा मला दाट संशय आहे. पण ते काच टिचकावतात, काटा बघतात, आणि गंभीर होऊन सांगतात.

तर मी त्या मुलाला फोन केला होता. त्याची बारावी आहे आणि गणितात कॅल्क्युलस अडलंय. बुधवारी संध्याकाळी तो वही घेऊन येईल. तुम्ही तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंत, त्याला तासभर बसवून घ्या. येताना टाकी आणली तर आणू दे, तो तसाही वरच येतोय.

आणि मे महिन्यात दोघं या. आधी येऊ नका, एप्रिलमध्ये मला मेंढ्यांमुळे आणि मेंढ्यांमुळे पडलेल्या माणसांमुळे उसंत नसते. जुलैच्या मध्यापर्यंत राहिलात तर गवताची कापणीही दिसेल. आजींना मी सोलकढीबद्दल सांगून ठेवलंय, त्या घाबरल्या आहेत. आई, आमसुलं थोडी जास्त आण. कुळथाचं पीठही. बाबा, गडग्याचे दगड उचलायचे नाहीत, खुर्ची टाकून बसायचं आणि चुका काढायच्या. त्या तुम्ही काढालच.

विमा काढताना आईची रक्तदाबाची गोळी आणि बाबांचा गुडघा दोन्ही लिहा, लपवू नका. व्हिसाच्या अर्जाचं मी इथून भरते, फक्त पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो धाकट्याकडून पाठवा. गेल्या वेळी बाबांचा अंगठा आला होता मध्ये.

तुमची,
लेक