केलाँगची तांब्याची नळी

पुणे, 18 जानेवारी 2026

प्रिय पक्या,

पत्रास कारण की, काल मी आपल्या पांढरीचा, त्या जुन्या गाडीचा, हीटर खोलला आणि तुझं 2003 सालचं काम माझ्या हाती लागलं. तुझे दोन फोन उचलले नाहीत, दिवाळीच्या पत्राला उत्तर नाही, त्याबद्दल हवं तेवढं बोल. पण आधी हे वाच. फोनवर मला हे जमलं नसतं, म्हणून कागद घेतला.

आई ठीक. डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी सहाची पाळी. माझी शुगर गोळीवर आहे. झालं.

आता गाडी. सव्वापाचला निघायचं म्हणजे जानेवारीत अंगावर काटा येतो. डायलिसिसच्या माणसाला थंडी जास्तच वाजते. आई दोन शाली गुंडाळून बसते, तरी दात वाजतात. काचेवर आतून वाफ धरते ती वेगळीच, एका हाताने फडकं मारत चालवतो. मेकॅनिकला म्हटलं हीटर चालू करून दे, तर तो हसला. "काका, पुण्यात हीटर कोण वापरतं?" मी त्याला सांगितलं, याच शिवाजीनगरला 17 जानेवारी 1935 ला 1.7 अंशांची नोंद आहे. त्याला त्याचं काही नव्हतं. डॅशबोर्ड उतरवावा लागेल, गाडी चार दिवस ठेवा म्हणाला. चार दिवस आईला कशी नेऊ? शनिवार-रविवार माझे होते. म्हटलं, आपणच करू.

तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच की. इंजिनचं गरम पाणी एका नळीतून डॅशबोर्डमागच्या जाळीत, म्हणजे कोअरमध्ये येतं, तिथून फिरून दुसऱ्या नळीतून परत जातं, आणि ब्लोअर त्या जाळीतून वारा फेकतो. म्हणून आधी दोन्ही नळ्या हाताने चाचपायच्या. दोन्ही गरम आणि वारा थंड, तर वारा वळवणारा आतला फ्लॅप किंवा त्याची केबल. एक गरम आणि एक गार, तर कोअर चोंदलाय किंवा हवा अडकलीय. माझ्या दोन्ही नळ्या सारख्याच गरम. म्हटलं केबल निसटली असेल, स्वस्तात सुटलो. म्हणून नळ्यांवरून हात फिरवत इंजिनमागच्या पत्र्यापर्यंत गेलो, तर नळ्या पत्र्याच्या आत गेलेल्याच नाहीत! अलीकडेच वळून एकमेकींना जोडलेल्या. कोअरच्या दोन्ही तोंडांवर रबरी बुचं. आणि जोडाला वीतभर तांब्याची नळी.

मी पहिली शिवी त्या मेकॅनिकला घातली. मग त्याच्या आधीच्याला. बायपास करून मोकळं व्हायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, ही इथली जुनीच रीत. क्लॅम्प सोडून नळी काढली, फडक्याने पुसली, आणि टोकाशी हॅकसॉने ओढलेल्या रेघा दिसल्या. तीन. दुसऱ्या टोकालाही तीन.

पक्या, रबर सरकू नये म्हणून दोन रेघा सगळेच ओढतात. तिसरी "माझी" म्हणून कोण ओढायचं? वर्कशॉपमध्ये सर त्यावरून किती ओरडायचे तुला!

मी गॅरेजच्या फरशीवर तसाच बसलो. हिने चहा आणला, तो गार झाला.

मग एकेक सुटायला लागलं. 2003 ची ती हिमाचलची सहल, तू, मी आणि मक्या. रोहतांग उतरल्यावर गाडीत येणारा तो गोडसर वास. लोणावळ्याची चिक्की उन्हात विरघळली म्हणून आपण मक्याला झापलं होतं. बिचाऱ्याने डबा उघडलासुद्धा नव्हता. तो इंजिन गार ठेवणारा कूलंट होता. तुझ्या पायाखालची सतरंजी भिजली, तू म्हणालास बाटली सांडली. समोरची काच तेलकट झाली, तू कागदाने पुसत राहिलास. आणि केलाँग. "चहा घेऊन येतो" म्हणून सकाळी गेलास तो दोन तासांनी आलास, तेही चहाशिवाय. हात काळे. मी विचारलंसुद्धा नाही. उशीर झाला म्हणून तोंड सोडलं फक्त.

तांडीला पेट्रोल भरताना त्या पाटीखाली फोटो काढला होता, पुढचा पंप 365 किलोमीटरवर. तो फोटो काल काढून बघितला. तू हसत नाहीयेस. तेव्हाच तुला कळलं होतं ना, कोअर गळतोय ते?

मी आज सगळा हिशेब मांडून बघितला. गळती तशीच ठेवली असती तर पाणी तर गेलंच असतं, वर सिस्टिममधला दाब गेला असता. सरचू चौदा हजार फुटांवर, तिथे उघड्या भांड्यात पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. दाब नाही म्हणजे चढावर इंजिन उकळणार, हेड गॅसकेट जाणार, आणि मागे-पुढे माणूस नाही. तू कोअरच बाजूला काढलास. बरोबर केलंस. मी असतो तर मला ते सुचलं नसतं.

आणि त्याच रात्री सरचूला, तंबूवाले गाशा गुंडाळून गेलेले, आपण तिघं गाडीत. मक्याने स्वेटरवर स्वेटर असे तीन घातले आणि त्याचे हात खाली येईनात, ते आठवतंय? तेवढंच हसलो त्या रात्री. मी म्हणत होतो, थोडा वेळ इंजिन चालू कर, हीटर लाव. तू म्हणालास, "तो चालत नाही." मी म्हणालो, काल चालत होता, आज तू हात लावलास म्हणून बंद पडला. आणि मग ते वाक्य. तुझ्या हाताला यश नाही.

तू काही बोलला नाहीस. खिडकीकडे तोंड करून पडलास.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वापरलं, हे मला काल जास्त लागलं. तुझ्या लग्नात सगळ्यांसमोर. बाबांना सांगताना. आणि 2005 साली तू नाना पेठेतला गाळा बघून आलास, आपण दोघं वर्कशॉप काढू म्हणालास, तेव्हा मी भांडवलाचं कारण सांगितलं. भांडवल होतं, पक्या. बाबा द्यायला तयार होते. माझ्या मनात ते सरचूचं वाक्य होतं. पुढच्या वर्षी तू गेलास. तू तिकडे नीट आहेस, चांगलं चाललंय, हे सगळं मान्य. तरी मी तुला खोटं कारण दिलं होतं हे तुला माहीत असायला हवं.

ती नळी बावीस वर्षं टिकली. रबरी नळ्या मधे दोनदा बदलल्या, प्रत्येकाने तुझी नळी काढून परत तीच बसवली. 2024 ला पासिंगच्या वेळीसुद्धा ती तिथेच होती, आणि मी बॉनेटमध्ये वाकून बघत होतो.

बाकीचं काम झालं. कोअर काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवला, स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले, तुझीच पद्धत. जुना कोअर एका कोपऱ्यात हिरवा-पांढरा होऊन फुटलेला. नवा नाना पेठेत चौथ्या दुकानात मिळाला. कडेची फोमची पट्टी भुगा झाली होती, ती नवीन लावली, नाहीतर वारा जाळीतून न जाता बाजूनेच निसटतो. कूलंट पाटीत काढला आणि पहिल्यांदा तो झाकून ठेवला, कारण चव गोड असते, कुत्री चाटतात आणि मरतात, आणि सोसायटीची काळी कुत्री तिथेच घोटाळत होती. नवा कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मानिम्मा. बोअरचं घातलं असतं तर वर्षात क्षार धरले असते.

एवढं करून वारा थंडच! एक नळी गरम, एक गार. हवा अडकली होती. मग गाडीचं नाक सोसायटीच्या उतारावर वर करून लावली. गार इंजिनवरच रेडिएटरचं झाकण उघडलं, हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवला आणि इंजिन सुरू केलं. दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे येत राहिले, मी वरून भरत राहिलो. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, उघडला, वरची नळी तापली, पाणी एकदम खाली गेलं. पुन्हा भरलं, झाकण लावलं. आत जाऊन हात धरला तर ऊन वारा. जळक्या धुळीचा वास, पण ऊन. आईला खाली आणून पाच मिनिटं बसवली. म्हणाली, "पक्याने केलं असतं तर लवकर झालं असतं." तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझ्याकडे विनिपेगला गाडीला रात्री प्लग लावून ठेवावा लागतो म्हणे, त्यामुळे हे सगळं तुला पोरखेळ वाटेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? चिन्मयीने शेवटी कुठली शाखा घेतली? सविस्तर लिही, मी यावेळी उत्तर देईन.

मला दोन गोष्टी हव्यात. मक्याला माहीत होतं का? मी त्याला विचारलेलं नाही, आधी तू सांग. आणि मला का नाही सांगितलंस? मी मनालीकडे गाडी वळवली असती म्हणून, की मक्याचं ते शेवटचं मोकळं वर्ष होतं म्हणून? कारण कुठलंही असो, मी ऐकून घेईन.

सरचूला जे बोललो ते चूक होतं. त्यानंतर जितक्या वेळा बोललो तितक्या वेळा चूक होतं. ज्यांच्या ज्यांच्या समोर बोललो, त्यांना मी सांगणार आहे. सुरुवात आईपासून, उद्या गाडीत.

आणि हो, केलाँगमध्ये सकाळी सात वाजता तुला तांब्याची नळी दिली कोणी? हॅकसॉ कुणाचा? काल रात्रभर हेच डोक्यात आहे.

नळी पुसून तुझ्यासाठी ठेवली आहे. पाठवू की येऊन नेतोस?

तुझा,
विन्या